रुआहाचे झिरे

पहिला दिवस : दार ते इरिंगा

"सेरेंगेटी काय, सगळेच बघतात," असं म्हणून धाकट्या भावाने माझा महिनाभराचा अभ्यास फोनवर दोन मिनिटांत निकालात काढला. तो सहा वर्षांपासून दार-एस-सलामला नोकरी करतो (तिथे सगळे नुसतं 'दार' म्हणतात) आणि आता स्वतःला अर्धा टांझानियन समजतो. त्याच्या मनात होतं रुआहा, टांझानियातलंच दुसरं राष्ट्रीय उद्यान. मी नागपूरची. जंगल म्हटलं की ताडोबा नाहीतर पेंच, पहाटे गेटवर रांग, आणि वाघ दिसला की त्याच्याभोवती जिप्सींची जत्रा. रुआहा सुमारे २० हजार चौरस किलोमीटरचं, म्हणजे आख्खा नागपूर जिल्हा त्यात दोनदा बसेल, आणि दिवसभरात चार गाड्या भेटल्या तर खूप, एवढं ऐकलं आणि मी सेरेंगेटी सोडलं.

१४ ऑक्टोबरला देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे यांच्या स्मृतिदिनाची सुट्टी असते. ती जोडून आम्ही चौघं निघालो, भाऊ, वहिनी, नऊ वर्षांची भाची आणि मी. पहाटे साडेचारला निघूनही दारच्या बाहेर पडायला दीड तास लागला. पुढे हाच महामार्ग झांबियापर्यंत जातो. समोरून तांब्याच्या जाड पत्र्यांनी लादलेले ट्रक बंदराकडे येत होते. एका ट्रकवर तांबं म्हणून फक्त दोन थप्प्या दिसतात, बाकी फाळका रिकामा. वजनच तेवढं.

मोरोगोरोच्या पुढे रस्ता मिकुमी राष्ट्रीय उद्यानातून सुमारे ५० किलोमीटर जातो. तिकीट नाही, काही नाही, गाडीच्या काचेतून फुकटात हत्ती आणि झेब्रे. कुठला प्राणी गाडीखाली आला तर किती दंड, याच्या पाट्या मात्र जागोजागी. भाचीने त्या मोठ्याने वाचून दाखवल्या आणि जिराफ परवडणार नाही असं बापाला बजावलं.

जेवायला रस्त्यालगतच्या एका टपरीवर थांबलो. वाली ना महारागे, म्हणजे भात आणि राजम्यासारख्या शेंगदाण्यांची, चुकले, दाण्यांची नारळ घातलेली उसळ. वहिनी भंडाऱ्याची. तांदळाच्या बाबतीत आमच्या घरात तिचा शब्द शेवटचा. तिने पहिला घास नाकाशी नेला आणि म्हणाली, "म्बेयाकडचा आहे. आपल्या चिन्नोरच्या जवळ जातो हा. येताना इरिंग्यातून पोतं घ्यायचं, दारमध्ये फार भाव लावतात." भावाने डिकीत जागा नाही म्हटलं. ते तिने ऐकलं नाही.

नंतर गोरखचिंचेचं खोरं लागलं. आपल्याकडे गोरखचिंचेचं एखादं झाड असलं की त्याखाली नाथांची कथा चिकटलेली असते. इथे टेकड्याच्या टेकड्या त्यांनी भरलेल्या, पान एक नाही, नुसती करडी, सुजल्यासारखी खोडं. दारच्या बाजारात याच झाडाच्या बिया साखर आणि लाल रंगात घोळवून 'उबुयु' म्हणून विकतात. भाचीने एक पुडी फोडली आणि सीटवर, फ्रॉकवर, माझ्या ओढणीवर लाल बोटं उमटवली. आंबटगोड लागतं, चिंच-बोराच्या जातीचं. बी चोखत बसायची.

कितोंगाचा घाट अंधार पडायच्या आत चढलो. इरिंगा सुमारे १६०० मीटरवर. दारच्या घामातून निघालेली मी रात्री दोन पांघरुणं घेऊन झोपले.

दुसरा दिवस : इरिंगा ते म्सेंबे

भावाची गाडी लॉजवर ठेवली आणि चालकासह एक जुनी लँड क्रूझर घेतली. चालक हाच गाइड. पन्नाशीचा, हेहे जमातीचा, बोलणं मोजकं. भाचीने पुढे होऊन त्याला "शिकामो" म्हटलं, तो "मराहाबा" म्हणाला. लहानांनी थोरांना असंच म्हणायचं. शब्दाच्या मुळाशी 'तुमचे पाय धरते' असा अर्थ आहे म्हणतात. मग तो माझ्याकडे वळून "करिबू, मामा" म्हणाला आणि भाचीला हसू आवरेना. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे बहीण. "म्हणजे बाबा तुझे काका आणि तू त्यांची दादा," असा हिशेब तिने पुढचे चार दिवस सगळ्यांना समजावून सांगितला.

गावाबाहेर कालेंगाला एक लहानसं संग्रहालय आहे. हेह्यांचा राजा म्क्वावा याने १८९१ मध्ये लुगालोला, इथे वसाहत करायला आलेल्या जर्मनांची एक तुकडी जवळजवळ अख्खी कापून काढली, त्यानंतर सात वर्षं तो त्यांच्या हाती लागला नाही. १८९८ मध्ये घेरला गेला तेव्हा त्याने स्वतःला गोळी घालून घेतली. जर्मनांनी त्याचं डोकं तोडून नेलं. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहात, जिथे देशांच्या सीमा ठरत होत्या, तिथे २४६ वं कलम आहे की म्क्वावाची कवटी परत करा. ती परत आली १९५४ मध्ये. काचेच्या पेटीत ठेवली आहे. गाइड आत आला नाही. दाराशी टोपी काढून उभा राहिला.

पुढे शंभरेक किलोमीटर माती. एका फाट्यावर रस्ता दुभंगतो, दोन्ही पार्कलाच जातात. त्यातल्या एकाला लोक 'न संपणारा रस्ता' म्हणतात, म्हणून आम्ही दुसरा, तुंगामालेंगा गावावरून जाणारा धरला. तोही संपत नव्हता. तरंग उठलेल्या मातीवरून गाडी अशी थरथरत होती की डब्यातल्या चिवड्याचं पीठ झालं.

गावं संपली आणि झाडांना टांगलेली निळी-काळी फडकी दिसायला लागली. मी विचारेपर्यंत उत्तर मानेवर बसलं. त्सेत्से माशी. चावते म्हणणं कमी आहे, दाभण टोचते. कपड्यातूनही टोचते, आणि हाताने मारली तर मरत नाही, झटकून पुन्हा येते. तिला गडद निळा आणि काळा रंग आवडतो, म्हणून त्या रंगाची औषध लावलेली फडकी. मी नेमका नेव्ही ब्लू कुर्ता घातला होता. "ताई, तुला सांगायचं राहिलंच," भाऊ म्हणाला. बाप्पा! गाइडने मागे एका पत्र्याच्या डब्यात हत्तीचं वाळलेलं शेण पेटवलं. त्या धुरात माश्या कमी झाल्या आणि आम्ही खोकत बसलो. पण या माशीलाही श्रेय द्यायला हवं. तिच्या चाव्यातून माणसांना निद्रारोग आणि गुरांना नागाना नावाचा रोग होतो, त्यामुळे या पट्ट्यात कोणी गुरं घेऊन वस्ती केली नाही. जंगल उरलं ते बऱ्याच अंशी तिच्यामुळे.

गेटवर रोख पैसे घेत नाहीत, आणि शुल्काचा हिशेब २४ तासांचा. नंतर लगेच रुआहा नदीवरचा पूल. मी कॅमेरा सरसावून बसले होते. पुलाखाली एक हिरवट डोह, त्यात एकमेकांवर रेलून वीस-पंचवीस पाणघोडे, आणि डोहाच्या वर-खाली नुसता खडक आणि वाळू.

"नदी कुठाय?" मी विचारलं.

गाइडने वाळूकडे बोट दाखवलं.

तिसरा दिवस : म्सेंबे

आमचा मुक्काम म्सेंबेला, पार्कच्याच गोल, पत्र्याच्या खोल्यांत. स्वयंपाकाला एक सामायिक ओटा, दिवसा भट्टी, रात्री बरी. रात्री दोनला कडाकड आवाजाने जाग आली. खिडकीच्या जाळीला नाक लावलं तर बाहेर अंधारच जरा हलत होता. हत्ती. काठावर बाभळीच्या जातीची मोठी झाडं आहेत, त्यांना ऐन कोरड्या दिवसांत नारिंगी, सफरचंदाच्या सालीसारख्या वळलेल्या शेंगा लागतात. हत्ती कपाळाने झाड हलवतो, शेंगा पडतात, मग सोंडेने एकेक वेचून खातो. पापड खाल्ल्यासारखा आवाज येत होता. मला बाथरूमला जायचं होतं आणि बाथरूम बाहेर होतं. सकाळपर्यंत थांबले.

दिवसभरात पाहिलं ते सगळं लिहीत नाही, यादी होईल. जिराफ, झेब्रे, डिकडिक नावाची सशासारख्या बुजऱ्या डोळ्यांची हरणं, लाल चोचीचा आणि डोळ्याभोवती काळी कातडी असलेला छोटा धनेश, जो रुआहाच्याच नावाने ओळखला जातो. कुडू मात्र सांगायलाच हवा. अडीच पिळांची शिंगं, अंगावर खडूने ओढल्यासारख्या उभ्या रेघा, आणि झुडपात उभा राहिला की समोर असून दिसत नाही. इथे थोरला आणि धाकटा, दोन्ही कुडू आहेत. पूर्व आफ्रिकेचं काटेरी रान आणि दक्षिणेचं मिओम्बो जंगल इथे एकमेकांत शिरतात, म्हणून दोन्हीकडचे प्राणी एका पार्कात सापडतात.

सिंह दुपारी दिसले. जगातल्या दर दहा सिंहांतला एक रुआहा आणि आसपासच्या रानात राहतो असा अंदाज सांगतात. आम्हाला नऊ भेटले, कोरड्या पात्रात, एका रेड्याच्या सांगाड्याभोवती. पोटं इतकी भरलेली की एकालाही मान उचलायची इच्छा नव्हती. आम्ही तिथे पाऊण तास होतो. दुसरी एकही गाडी आली नाही. ताडोब्याची सवय असलेल्या मला सारखं वाटत होतं की मागून कोणीतरी "पुढे घ्या, पुढे घ्या" म्हणून ओरडेल. शेवटी गाइडने इंजिन बंद केलं तेव्हा हाडं फोडल्याचा आवाज आला, सुपारी कातरल्यासारखा.

संध्याकाळी ओट्यावर थालीपीठ लावलं. पहिलं उलथत असताना माकडाने दुसऱ्याच्या पिठाचा गोळा पळवला. मेतकुटाचा डबा उघडून हुंगला आणि तिथेच ठेवला. कौतुक नाही त्याला.

चौथा दिवस : म्वागुसी

आजचा दिवस लिहायलाच मी ही वही काढली.

म्वागुसी ही रुआहाला मिळणारी नदी. तिला वाळूची नदीच म्हणतात. ऑक्टोबरात तिच्या पात्रात थेंब दिसत नाही. दोन्ही काठांना झाडी आणि मध्ये पन्नास-साठ पावलं रुंद, पांढरी, स्वच्छ वाळू, गावाच्या रस्त्यासारखी वळणं घेत गेलेली. सात वाजता काठावर सावलीत गाडी लावली. गाइडने थर्मास काढला, चहा ओतला आणि "न्गोजा" म्हणाला. थांबा.

साडेसातच्या सुमारास पाच हत्ती पात्रात उतरले. पुढे एक म्हातारी हत्तीण, एका कानाची कड फाटलेली. ती आजूबाजूला न बघता थेट एका जागी गेली. मला तरी ती जागा आणि तिच्या शेजारची जागा यात काही फरक दिसला नाही. पुढच्या उजव्या पायाने तिने वाळू मागे लोटायला सुरुवात केली, आधी वरची कोरडी, मग खालची गडद. खड्डा गुडघ्याएवढा झाला तसा पाय पोचेना. मग सोंड. सोंडेचं टोक वळवून ती पळीने काढावी तशी ओली वाळू काढून बाजूला टाकत होती. नंतर सोंड आत गेली ती बराच वेळ आतच राहिली. बाहेर आली आणि तिने सोंडेतलं पाणी प्यायलं नाही, बाजूला फेकून दिलं. गढूळ होतं. पुन्हा भरलं, पुन्हा फेकलं. आणि मग ती थांबली. नुसती उभी राहिली, कान हलवत.

मला एकदम आजी दिसली.

आजीचं गाव वर्धा नदीच्या काठचं. चैत्र-वैशाखात पात्र आटलं की बायका वाळूत झिरे उकरायच्या. मी पाच-सहा वर्षांची असेन, तिच्या मागे कळशी घेऊन जायचे. ती हाताने वाळू उकरायची, खाली पाणी पाझरलं की करवंटीने पहिलं पाणी उपसून फेकायची, दुसरं फेकायची, आणि मी घाई केली की म्हणायची, "थांब नं पोरी, निवू दे त्याले." मग आम्ही झिऱ्याकाठी बसायचो, ते निवळेपर्यंत. माणसाला आणि हत्तिणीला एकच रीत कोणी शिकवली असेल?

पाणी निवळलं असावं. तिने सोंड घातली, आणि या वेळी ती तोंडाकडे नेली. एका झिऱ्यावर एका वेळी एकच जण. बाकीच्यांनी आपापले उकरले. पिल्लाची सोंड तेवढी पोचेना, ते पुढचे पाय दुमडून गुडघ्यांवर बसलं आणि डोकंच खड्ड्यात घातलं. भाची पुटपुटली, "पडेल ना ते." पडलं नाही. मी घड्याळ पाहिलं, सगळं मिळून ४० मिनिटं. हत्ती पलीकडच्या काठावर चढून गेले आणि लगेच, जणू रांगेतच उभी होती, तशी बबून माकडं उतरली, मग गिनीफाउल, मग एक रानडुक्कर. हत्तींनी काढलेल्या पाण्यावर सगळी आळी प्यायली.

दुपारी म्सेंबेला एका रेंजरशी गप्पा झाल्या. भाऊ स्वाहिलीतून मराठीत आणत होता. म्वागुसी दरवर्षी अशी कोरडी पडते, तो तिचा स्वभावच. पण थोरली रुआहा तशी नव्हती. 'रुआहा' हा शब्दच हेहे भाषेतल्या 'नदी' या शब्दावरून आला आहे. ती बारमाही होती. १९९३ च्या अखेरीस ती पहिल्यांदा वाहायची थांबली आणि त्यानंतर कोरड्या हंगामात ती खंडतेच, कधी काही आठवडे, कधी महिने.

कारण वर, उसांगूच्या मैदानात. तिथे इहेफू नावाची मोठी पाणथळ आहे. डोंगरातून आलेलं पाणी आधी त्या दलदलीत साठतं आणि तिच्या तोंडाशी खडकाचा उंबरठा आहे. पाण्याची पातळी उंबरठ्याच्या वर असेल तोवर नदी पुढे वाहते. खाली गेली की बंद, नळ बंद केल्यासारखी. आणि दलदलीच्याही वर, म्बेयाकडच्याच म्बाराली भागात, ओढ्यांना पाट काढून भातशेती केलेली आहे, मोठ्या सरकारी-खासगी फार्मांची आणि हजारो लहान शेतकऱ्यांची. गुराख्यांच्या कळपांवरही ठपका आला. २००६ च्या सुमारास त्यांना गुरांसकट उसांगूतून हलवलं आणि २००८ मध्ये ते क्षेत्र पार्कला जोडलं. गुराखी गेले, पाट राहिले. आणि नदीला खाली फक्त हत्ती-पाणघोडेच नाहीत, म्तेरा आणि किदातूच्या धरणांवर वीजही तयार होते.

वहिनी इतका वेळ गप्प होती. "म्हणजे म्बारालीचा तांदूळ..." ती म्हणाली.

रेंजरला भाषांतराची गरज पडली नाही. "न्दियो, मामा," तो हसला. "म्चेले म्झुरी साना." हो, फार छान तांदूळ. तो स्वतःही तोच खातो, त्याचा मेहुणा तिकडे दोन एकर भात करतो. पाटाचं पाणी बंद झालं तर मेहुणा जगेल कसा, हेही त्यानेच विचारलं.

मला बोलण्यासारखं काही सुचलं नाही. आम्ही नागपूरकर पेंचच्या धरणाचं पाणी पितो आणि सुट्टीत पेंचच्या जंगलात जाऊन हरणं पाणवठ्यावर कशी येतात त्याचे फोटो काढतो.

पाचवा दिवस : परत इरिंगा

बिबट्या दिसला नाही. रानकुत्र्यांचे फक्त ठसे. पुलाखालचा डोह तीन दिवसांत आणखी बसका झाला होता, पाणघोड्यांच्या पाठी उघड्या पडून त्यावर चिखल वाळून भेगा गेलेल्या. एक मगर काठावर जबडा उघडून पडली होती. गाइड म्हणाला, पहिला मोठा पाऊस डिसेंबरात, कधी त्याच्याही नंतर.

रस्त्यात एक पंक्चर, दोन तास. माश्यांनी उरलेला हिशेब तेवढ्यात पूर्ण केला. आज मी बदामी कुर्ता घातला होता, फारसा फरक पडला नाही. संध्याकाळी गाइडचा निरोप घेताना मी स्वतःच "शिकामो" म्हणून बघितलं. तो जोरात हसला. बहुतेक आमचं वय सारखंच असावं.

सहावा दिवस : इरिंगा ते दार

निघण्याआधी बाजार. टोमॅटो, कांदे, सुकवलेल्या मासळीचे ढीग आणि पलीकडे तांदळाची ओळ, उघड्या पोत्यांतून वर काढलेले पांढरे सुळके. वहिनी कालपासून या विषयावर बोललीच नव्हती, म्हणून मला वाटलं, आता घेणार नाही. भावालाही तसंच वाटलं असावं, तो सरळ गाडीकडे निघाला होता.

ती एका बाईच्या पोत्यापाशी थांबली. मूठभर तांदूळ तळहातावर घेतला, फुंकर मारली, दोन दाणे दातांखाली धरले. "म्बाराली?" विचारलं. बाईने मान डोलावली. मग वहिनीने आयुष्यभराच्या सवयीने पहिला भाव ऐकून पाठ फिरवली, चार पावलं गेली, हाक आली, परत आली. २५ किलोला सौदा ठरला.

"आता नाही घेतला तर तो कोणी दुसरं घेणार," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं.

पोत्याचं एक टोक भावाने धरलं, एक मी. डिकी भरलेली होती. पार्कमध्ये नेलेले पिण्याच्या पाण्याचे तीन रिकामे कॅन तिथून काढून भाचीच्या पायाशी सरकवले, तेव्हा कुठे ते मावलं.